कठड्याला लागलेला हात

या, पुढच्या बाकावर या. मागं बसलात तर पंख्याच्या घरघरीत निम्मं हरवेल. आपल्या चर्चमध्ये गायला उभी राहते ना, त्या ओझेला मिम्सची, चर्चमध्ये आपण एकमेकींना म्हणतो तसं सिस्टर ओझेलाची, गोष्ट सांगते. लांबण नाही. जखमेवरच्या पट्टीएवढीच आहे.

कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या खोलीत पलंगावर प्लास्टिकचा माणूस झोपलेला असतो. पोटावर रबराची जखम. पोरी त्याला मिस्टर पर्सी म्हणतात. त्याची पट्टी बदलून दाखवायची, ही परीक्षा. ओझेला दोनदा नापास झाली होती. ही तिसरी वेळ, आणि चौथी कुणाला मिळत नाही. आज चुकली की नर्सिंग संपलं.

"हात धुतलेस? का प्रार्थनेनंच स्वच्छ झाले?" परीक्षा घेणाऱ्या मिसेस क्रेनशॉ म्हणाल्या.

"धुतले, मॅम."

त्यांनी स्वयंपाकघरात वेळ लावायला असतं तसलं कोंबडीच्या आकाराचं घड्याळ पिळलं आणि टेबलावर ठेवलं. कोंबडी टकटक करायला लागली. बाहेर नंबर लावून उभ्या असलेल्या पोरींनी दाराच्या काचेला नाकं टेकवली.

"गुड मॉर्निंग, मिस्टर पर्सी. मी ओझेला मिम्स, तुमची नर्स..."

"विद्यार्थिनी," मिसेस क्रेनशॉंनी तोडलं. "अजून तरी. आणखी थोडा वेळ."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं.

ओझेलानं जुनी पट्टी काढली, हात पुन्हा धुतले, निळं निर्जंतुक कापड उलगडलं. त्या कापडाचं सोवळं फार कडक. त्याला पाठ दाखवायची नाही. त्याच्यावर तोंड नेऊन बोलायचं नाही. कमरेखाली गेलेला किंवा भलत्या कशाला लागलेला हात ओवळा. एवढं सगळं तिच्या डोक्यात राहत नव्हतं. तेव्हा अभ्यास कसा करावा, हे शिकवणारे मास्तर म्हणाले होते, जे पाठ होत नाही, ते आधीच पाठ असलेल्याला बांधून टाका. ओझेलाला पाठ होतं ते आपल्या पास्टर एम्ब्रींचं प्रवचन, बोलता बोलता गाण्यावर जाणारं. त्याच चालीत तिनं पट्टीची एकेक पायरी बसवली होती. आता मान बाजूला वळवून ती मास्कच्या आत गुणगुणू लागली.

"पुटपुट बंद! चर्च आहे का हे?" मिसेस क्रेनशॉ म्हणाल्या. "करिअरच्या तासाला बाईंनी सांगितलं होतं ना तुला, कॅन्टीनकडं जा, तुझ्या हाताला चव आहे म्हणून? ऐकायचं होतंस."

"चवीनं जखम भरत नाही, मॅम. माझ्या आईची नाही भरली."

"तोंड चांगलं चालतंय. तेवढे हात चालव."

गुणगुणणं आत गेलं, पण थांबलं नाही. मास्क तालात हलत होता. ओझेलानं निर्जंतुक हातमोजे चढवले. जखम मधून बाहेरच्या बाजूला पुसली, प्रत्येक वेळी नवा बोळा घेऊन. मग कोरडी पट्टी घ्यायला वळताना तिच्या हाताची मागची बाजू पलंगाच्या कठड्याला लागली. नुसती निसटती. मिसेस क्रेनशॉ तेव्हा कोंबडीकडं बघत होत्या. काचेपलीकडच्या पोरींना तर ओझेलाची पाठच दिसत होती.

ओझेला थांबली. हात वर धरून उभी राहिली.

"कठड्याला लागला, मॅम. हातमोजे बदलते."

"मला नाही दिसलं."

"मला दिसलं."

"वेळ संपत आलाय. पुढं चल."

ओझेलानं हात वरच धरून ठेवले.

मिसेस क्रेनशॉंनी आवाज खाली आणला. "सिस्टर, प्लास्टिक आहे ते. मरणार नाही. पट्टी लाव, पास हो आणि जा एकदाची माझ्या डोळ्यांपुढून. पुन्हा तुझं गाणं ऐकायची ताकद नाही माझ्यात."

"मिस्टर पर्सींना काही नाही होणार, मॅम. पण माझ्या हाताला सवय लागेल."

तिनं हातमोजे काढून टोपलीत टाकले, हात धुतले, नवं पाकीट फोडलं. घाई केली नाही. घाई करायची तिच्या चालीत जागाच नव्हती.

पट्टी जखमेवर बसली. तीन बाजू चिकटल्या. चौथ्या बाजूची चिकटपट्टी बोटावर होती, तेवढ्यात कोंबडी खणखणली.

"नापास. हात बाजूला घे."

ओझेलानं हात बाजूला घेतला नाही. चौथी बाजू चिकटवली, कडेवरून बोट फिरवलं. चादर पोटावर ओढली. पलंग खाली केला. मग नर्सला बोलवायची घंटा उचलून मिस्टर पर्सींच्या प्लास्टिकच्या बोटांत नीट अडकवली.

"काही लागलं तर दाबा हं."

"नापासांना जादा गुण नसतात," मिसेस क्रेनशॉ म्हणाल्या. "ओळखपत्र टेबलावर ठेव. आणि पुढचीला पाठव."

ओझेलानं गळ्यातलं ओळखपत्र काढून कोंबडीशेजारी ठेवलं आणि बाहेर पडली.

"भलती पवित्र!" दारातली एक पोरगी म्हणाली. "बस आता भाकऱ्या थापत."

तिचाच नंबर होता. ती आत आली, बाह्या सारल्या. घंटेची वायर मध्ये येत होती, म्हणून तिनं पर्सींच्या बोटांतून ती ओढायला घेतली.

"हात नको लावूस!" मिसेस क्रेनशॉ खेकसल्या. "राहू दे ती तिथंच."

तर बायांनो, बाप्यांनो, आज ना उद्या आपल्यालाही त्या पलंगावर पडायचं आहे. कुणी परकी बाई हातमोजे घालून जवळ येईल, आणि खोलीत तिच्याकडं बघणारं दुसरं कुणी नसेल. तेव्हा डोळे मिटण्याआधी सिस्टर ओझेलाची आठवण काढा.