लाभ, दोन, तीन

पक्षी मोजणाऱ्याने आकडा उच्चारला, की पठारावरच्या पवनचक्क्या तो ऐकून थांबत. कार्तिकातल्या पहिल्या सकाळी मोजणीला बसलेल्या कोंडाबाईंना दुर्बिणीतून स्थलांतराला निघालेला ससाणा दिसला.

"लाभ!" त्या ओरडल्या.

पाती फिरतच राहिली. ससाणा थेट पात्यांकडेच निघाला होता.

"एक!" यंत्रांची देखभाल करणारी रेवती किंचाळली. पाती थबकली, ससाणा पार गेला.

"मावशी, यंत्राला लाभ कळत नाही. एक म्हणा."

"धान्य मोजताना पहिल्या मापाला आम्ही लाभच म्हणतो. ससाणा काय त्याहून कमी गं?"

रेवती हसली. तिने यंत्राला तो शब्द शिकवला.

दुसऱ्या दिवशी पहिला ससाणा तिलाच दिसला. "लाभ!" ती ओरडली. चाळीस पवनचक्क्या एकदम थांबल्या.

"यंत्र शिकलं," कोंडाबाई म्हणाल्या, "आणि पोरगीही."