साळूबाईची मशीन

"साहेब, हे कुणालाच खरं वाटायचं न्हाई, आन वाटू बी नये," पुंजारामने हवालदार राजानंदला आधीच सांगून टाकलं आणि मांडी ठोकून बसला.

वडीगोद्रीच्या रस्त्यावरचं त्याचं शिलाईचं दुकान लढाई होऊन गेल्यासारखं दिसत होतं. आरसा फुटलेला. बाकडं उलटं. फरशीवरून रक्ताचा ओघळ थेट दाराबाहेर गेलेला, आणि पुंजारामच्या ओठातून अजून गळतच होतं. त्याची बायको द्वारकाबाई भिंतीशी बसून मशीनला लागलेलं रक्त पदराने पुसत होती. काळी, पायाची मशीन. साळूबाईने, म्हणजे द्वारकाबाईच्या आईने, तिच्यावर अख्खं घर जगवलं आणि मरताना ती लेकीच्या हवाली केली.

"भुजंग, हिच्या भावाचा पोरगा, पिकअप घिऊन आल्ता," पुंजाराम म्हणाला. "आजीची मशीन नातवाचीच, म्हणला. कुण्या हॉटेलवाल्याला टेबलाखाली लावायला लोखंडी पाय पाह्यजेत, मंग वरची मशीन भंगारात. मी आडवा झालो, तर माझं मुंडकं धरून आरशावर हाणलं."

इथपर्यंत सगळं खरं होतं. खरं बोलताना पुंजारामला नेहमीच धाप लागायची. पुढचं मात्र सरसर आलं.

"मंग त्यानं मशीनला हात घातला. आन साहेब, मशीन गुरगुरली. परक्या माणसावर कुत्रं गुरगुरतं ना, बराबर तशी. चाक आपलं आपण फिरायला लागलं. सुई खाली आली ती अंगठ्याच्या नखातून आरपार. तो बोंबलला, दुसऱ्या हातानं सोडवाया गेला, तर तो बी धरला. तळव्याला तळवा शिवून टाकला की हो. पाहुण्यानं दारात नमस्कार करावा तसा उभा. सुई हाडावर मोडली तवा कुठं सुटला."

"टाका कसा होता?" राजानंदने विचारलं.

"बारीक. एकसारखा," पुंजाराम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरासा अभिमान आलाच.

"एकच अंगठा फाटलाय," राजानंद म्हणाला. "पार चिंधी झालीय त्याची, डॉक्टर म्हणतात कापावा लागंल. आन भुजंग आत्याचं नाव सांगून राह्यला. आत्यानं हात सुईखाली दाबून धरला, म्हणतो."

पुंजारामने बायकोकडे बघायचं टाळलं.

"भ्यालाय तो. ह्या बाईच्यानं भरली घागर उचलत न्हाई, तो रेडा काय धरती? ती तर मागं चुलीपाशी व्हती."

"म्हणजे बाईनं कायबी केलं न्हाई?"

"बिलकुल न्हाई. जे केलं ते मशीननं."

राजानंद उठला. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "बरं. मंग आरोपी मशीनच. घाला रे जीपमध्ये."

दोन शिपाई पुढे झाले. एकाने पाय धरले, दुसऱ्याने वरची बाजू. लोखंड फरशीवर करकरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुंजारामच्या तोंडाशी पुढची थाप तयार नव्हती. तो नुसताच "अवो साहेब, अवो" करत मागे मागे गेला. मशीन उंबऱ्यापर्यंत पोचली.

द्वारकाबाई उठली. रक्ताळलेला पदर तिने कमरेला खोचला, चपला पायात सरकवल्या आणि दारात जाऊन उभी राहिली.

"ठिवा ती खाली," ती म्हणाली. "साहेब, यांचं काय ऐकता? मशीन कधी आपली आपण चालती का? हात मीच दाबला. पायडलवर पाय बी माझाच व्हता. आन तो वरडला, तवा बी मी थांबले न्हाई."