लाल दोरी

गाडीत खोट दिसली की कुणीही आपापल्या डोक्यावरची लाल दोरी ओढून लाइन थांबवावी, असा कारखान्याचा नियम होता. पण ओढणारा दुसऱ्या दिवशी गेटबाहेर दिसायचा. आज साहेब परदेशातून आलेल्या मालकांना तीच दोरी मिरवून दाखवत होते. सीट बसवणारी मावशी सकाळपासून दाबून धरून होती. जागा सोडायची तर तिथं उभा राहणारा बदली माणूस साहेबांनी खर्च वाचवायला काढून टाकला होता. तिनं सगळ्यांदेखत दोरी ओढली. लाइन थांबली. साहेब धावत आले. "काय बिघडलं, मावशी?" "काही नाही, साहेब. लघवीला जायचंय." "ही काय वेळ आहे?" "ती काय मला विचारून येते?" म्हणत मावशी मालकांसमोरून सावकाश चालत गेली. ती परतली तरी लाइन हलेना. शेजारी काच बसवणाऱ्यानं आपली दोरी ओढली होती. म्हणाला, "आता माझा नंबर."