शुद्ध उच्चार

इंग्रजीच्या सरांना चारचौघांत बायकोची टर उडवायची भारी हौस. ती एकदा 'एस्केप'ला 'इस्केप' म्हणाली आणि तेव्हापासून बावीस वर्षं, घरी कुणी आलं की सरांचं ठरलेलं, "हिचा इस्केप ऐकलात का?" पाहुणे हसायचे, ती कप उचलून आत जायची.

आज सरांचा निरोप समारंभ होता. भाषणात त्यांनी तो ठेवणीतला शब्द बाहेर काढलाच. "एस्केप म्हणजे मूळ लॅटिनमध्ये झग्यातून निसटणं! पकडणाऱ्याच्या हाती नुसता झगा राहायचा, माणूस पसार. आमच्या हिला अर्थ सोडाच, उच्चार शिकवता शिकवताच माझे केस पिकले." सभागृह खो खो हसलं. पहिल्या रांगेत तीही हसली, तेव्हा सरांना जरा नवलच वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर दाराशी तिने अंगातला कोट काढून त्यांच्या हातात दिला. "अहो, एवढा धरा, आलेच मी."

सर कोट धरून उभे राहिले. लोक पांगले, खुर्च्या उचलल्या गेल्या, शिपाई कुलूप घेऊन आला, तरी हिचा पत्ता नाही. वैतागून त्यांनी घराच्या किल्लीसाठी कोटाचा खिसा चाचपला. किल्ली होती, आणि तिला गुंडाळलेली एक चिठ्ठी.


"इस्केप. उच्चार चुकला असेल, अर्थ तेवढा तपासून घ्या."