तपासणीचा दिवस

कारखान्यात पाऊल टाकताच मालनच्या लक्षात आलं, आज सरकारी तपासणी आहे. पत्रा कापायच्या तिच्या प्रेसला संरक्षक जाळी लावली होती. जाळीने काम मंदावतं, म्हणून एरवी ती स्टोअरमध्येच पडून असायची.

वर्षातून याच एका दिवशी मालन बिनघोर काम करायची. प्रेस धाडकन खाली आली, तरी काळजात धस्स व्हायचं नाही. दोन वर्षांपूर्वी या प्रेसवर तिचा नवरा होता, दिगंबर. तपासणी होऊन आठ दिवस झाले होते, जाळी परत स्टोअरमध्ये गेली होती, आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कंपनीने त्याच्या जागी मालनला घेतलं.

तोवर लेकीची वेणी रोज तोच घालायचा, इतकी घट्ट, की संध्याकाळपर्यंत एक बट सुटायची नाही. आता तिचे केस कापून टाकलेत. तरी ती शाळेला निघाली, की अजूनही त्याचा हात तिच्या मानेपाशी जातो आणि तसाच मागे येतो.

"वहिनी, जाळी कायम असते म्हणून सांगायचं," सुपरवायझर हळूच म्हणाला. त्या वर्षी दिगंबरनेही तेच सांगितलं होतं.

तपासणीचे साहेब तिच्यापाशी थांबले. "काय ताई, ही जाळी रोज असते ना?"

सुपरवायझर तिच्याकडेच बघत होता. मालनने जाळीवर हात ठेवला.

"साहेब, तुम्ही रोज येत जा," ती म्हणाली, "म्हणजे रोज असेल."