सत्तर टक्के सूज

"निलगिरीच्या तेलातल्या घटकाने उंदरांच्या पंजांची सूज सत्तर टक्के उतरली!" मंचावरून आमचे मोठे सर गरजले आणि सभागृहात टाळ्या कडाडल्या. सरांची छाती अशी फुगली होती की सूज मोजायची तर तिचीच मोजावी. मी प्रयोगशाळेतले पिंजरे धुणारी, मागे भिंतीला टेकून ऐकत होते.

शेजारच्या पाहुण्या बाईंना भरून आलं. "किती राबले असतील हो सर!"

"राबले तर! रोज दारापर्यंत यायचे. पिंजऱ्यांचा वास सोसवत नाही म्हणून त्याच तेलाचे चार थेंब रुमालावर घ्यायचे, तो नाकाला लावायचे आणि परत फिरायचे."

"आणि उंदरांना कधी लावायचे?"



"उंदरांची पाळी यायच्या आतच बाटली संपली, बाई."