सुईची उडी

सुई उडाली नाही.

गाण्याच्या बाईंनी दुकानदाराकडे संशयाने पाहिलं. "हे बिघडलेलं आहे," त्या म्हणाल्या.

दुकानदार हबकला. दुकानातलं सर्वांत चांगलं टर्नटेबल होतं ते. रेकॉर्ड त्याने स्वतः धुतली होती, मऊ फडक्याने टिपली होती. शाळेच्या गीताची ही एकच प्रत शाळेकडे उरलेली. आली तेव्हा अशी खरखरत होती, जणू कोणी कानाशी कागद चुरगाळतंय. आता आवाज कसा स्वच्छ.

"बिघडलेलं? बाई, एवढा खोल ओरखडा, तरी सुई बघा कशी सुतासारखी सरळ गेली."

"तेच म्हणतेय मी. तिथे टक, टक असं दोनदा व्हायला हवं. आणि मधेच हे जे कोणी गायलं, ते गाण्यात नाही."

"गाण्यात नाही, मग काय माझ्या दुकानातनं आलं?"

त्याने पुन्हा लावली. जुन्या मुलांचे आवाज उमटले:

दारे उघडी, मनही उघडे, या रे सारे या,
थोरांपुढती मान तुकवुनी मुकाट राहू या,
प्रश्न घेउनी, पाटी कोरी, उत्तर शोधू या.

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. मधली ओळ त्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होत्या.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या शाळेत लागल्या, तेव्हा गीत शिकवायला कोणी नव्हतं. कपाटात ही रेकॉर्ड होती आणि एक म्हातारं यंत्र. बाईंनी चाळीस वेळा ऐकून गाणं बसवलं. पहिल्या ओळीनंतर सुई उडायची, टक, टक व्हायचं आणि थेट 'प्रश्न घेउनी' यायचं. बाईंना वाटलं, ते एखादं वाद्य असेल. त्यांनी तिथे मुलांना दोन टाळ्या लावून दिल्या. जरा वाकडं वाटलं होतं. पण नव्या नोकरीत वाकडं कोण सरळ करतं? पुढे टाळ्यांची सवय झाली. मुलं मोठी झाली, पालक होऊन परत आली, तीही नेमकी तिथेच टाळ्या वाजवू लागली. बाईंचा कान म्हणजे कान, असं सगळे म्हणत.

म्हातारं यंत्र गेल्या महिन्यात कायमचं बसलं. उद्या शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. ज्यांनी गीत लिहिलं ते कवी, एकेकाळचे इथलेच भाषेचे सर, पाहुणे म्हणून येणार होते. "सर्वांत चांगलं घ्या," मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं. "पाहुण्यांसमोर खरखर नको. आधी रेकॉर्ड वाजेल, मग मुलं गातील."

म्हणजे आधी ओळ ऐकू येईल. मग त्याच ओळीच्या जागी तीनशे मुलं टाळ्या पिटतील. ज्याने लिहिली त्याच्यासमोर. आणि बाईंच्या निवृत्तीला उरले होते दोन महिने.

"याच्यापेक्षा वाईट आहे का काही?" त्यांनी विचारलं.

"वाईट?" दुकानदाराने डोकं खाजवलं. "किती वाईट?"

त्याने दुसरं काढलं. सुई सरळ गेली. तिसरं काढलं. सुई थरथरली, पण तग धरून राहिली.

"हेही चांगलंच निघालं," बाई खिन्नपणे म्हणाल्या.

शेवटी माळ्यावरून प्लॅस्टिकची एक पेटी खाली आली. तिची सुई धरणारी दांडी काडीसारखी हलकी होती. टक, टक. सुई उडाली.

"हेच. बांधून द्या."

"बाई, नका हो. कोणी विचारलं तर माझं नाव जाईल."

"नाही सांगणार तुमचं नाव."

खोकं काखोटीला मारून बाई निघाल्या. आपण कोणाचं काही चोरलेलं नाही, हे त्यांनी वाटेत स्वतःला तीनदा समजावलं. आणि समजा कवींनी विचारलंच, तर आपण सरळ...

टक, टक. दुसऱ्या दिवशी सभागृहात सुई उडाली. मुख्याध्यापिकांनी यंत्राकडे असं पाहिलं, की ते माणूस असतं तर त्याने राजीनामा दिला असता. मग मुलं उभी राहिली. गायली. ठरल्या जागी तीनशे जोड्या हात दोनदा वाजले.

पहिल्या रांगेत कवी डोळे मिटून बसले होते. टाळ्यांना त्यांनी डोळे उघडले. त्यांनी मुलांकडे पाहिलं नाही, मंचाकडेही नाही. ते बघत होते टेबलावरच्या रेकॉर्डकडे.

कार्यक्रम संपला. माणसं चहाकडे वळली. कवी काठी टेकत टेबलापाशी आले. त्यांनी रेकॉर्ड उचलली आणि ओरखड्यावरून हळूच अंगठा फिरवला.

"सर, चूक माझी आहे," बाईंनी बोलून टाकलं. "एक ओळ गळली. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना तसंच शिकवलं. या रेकॉर्डवरूनच शिकले होते, आणि इथे सुई..."

"ती ओळ माझी नव्हती," कवी म्हणाले. "तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ती माझ्या गाण्यात घुसवली. माझ्या नावावर छापली, मुलांकडून गाऊनही घेतली. मी भांडलो, कोणी ऐकलं नाही. नोकरी सोडली त्या दिवशी मधल्या सुटीत खिळा घेऊन कपाटापाशी गेलो. ती ओळ तबकडीवर कुठे येते, ते आधीच हेरून ठेवलं होतं."

त्यांनी प्लॅस्टिकच्या पेटीवरून मायेने हात फिरवला.

"इतकी वर्षं धास्ती एकच होती, बाई. कोणीतरी चांगलं यंत्र घेऊन येईल."